घरगुती सीएनसी यंत्रासाठी मोटर व नियंत्रक यांची निवड

घरगुती सीएनसी यंत्र म्हणजे हौशी कारागीर, विद्यार्थी किंवा लहान कार्यशाळेचा चालक याने स्वतः जुळवलेले आणि संगणकाच्या आज्ञांनुसार हत्यार वा जॉब हलवणारे यंत्र होय. लाकूड कोरणारे राउटर, ॲल्युमिनियम कापणारे छोटे मिलिंग यंत्र, रूपांतरित लेथ आणि प्लाझ्मा टेबल हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. अशा यंत्राची चौकट, रूळ व स्क्रू हा त्याचा सांगाडा. या सांगाड्याला गती देणारी साखळी पाच कड्यांची असते: वीजपुरवठा, मोटर, मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर, स्पंद निर्माण करणारा नियंत्रक आणि जी-कोड वाचणारी संगणकप्रणाली. प्रस्तुत लेखात या साखळीची निवड कशी केली जाते, त्यामागची गणिते कोणती आणि चुकीच्या निवडीचे परिणाम काय होतात, याची माहिती दिली आहे.

निवडीचा तर्कशुद्ध क्रम सांगाड्याकडून संगणकाकडे जातो. कोणता पदार्थ किती वेगाने कापायचा आणि हलणारा भाग किती जड आहे यावरून मोटर ठरते, मोटरवरून ड्रायव्हर, ड्रायव्हरवरून वीजपुरवठा आणि शेवटी नियंत्रक. प्रत्यक्षात बहुतेक नवशिके याच्या नेमके उलट करतात. स्वस्त मिळाला म्हणून नियंत्रकाचा संच आधी घेतला जातो आणि मग त्याला सोसतील अशा मोटरी शोधल्या जातात. बाजारातील तयार 'तीन अक्षांचा संच' हा बहुधा कोणाच्याच यंत्रासाठी मोजून बनवलेला नसतो.

पार्श्वभूमी

अंकीय नियंत्रणाचे पहिले गाजलेले यंत्र १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत दाखवण्यात आले. नावाप्रमाणेच ते सर्वो तत्त्वावर चालत होते, म्हणजे अक्ष प्रत्यक्षात कोठे आहे हे यंत्र सतत मोजत होते. कारखान्यांतील सीएनसी यंत्रे आजही त्याच मार्गावर आहेत. हौशी मंडळींनी मात्र स्टेपर मोटर पसंत केली, कारण ती स्वस्त होती, तिला स्थिती मोजणारा एन्कोडर लागत नव्हता आणि जुन्या प्रिंटरमधून ती काढताही येत असे.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (एनआयएसटी) ईएमसी ही नियंत्रणप्रणाली विकसित केली. तिचेच पुढे लिनक्ससीएनसी असे नामकरण झाले. विंडोजवर चालणाऱ्या माक३ने संगणकाच्या समांतर पोर्टमधून थेट स्पंद पाठवण्याची पद्धत घरोघरी नेली. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनोचा जन्म झाला आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला. या दोहोंमुळे स्टेपर मोटर, तिचे लहान ड्रायव्हर आणि सूक्ष्मनियंत्रक मोठ्या प्रमाणावर व स्वस्तात मिळू लागले. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉगस्रुड यांनी जीआरबीएल ही आर्डुइनोवर चालणारी मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. आजच्या घरगुती यंत्रांपैकी फार मोठा भाग तिच्यावर किंवा तिच्या वंशजांवर चालतो. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदी आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

स्टेपर मोटर

घरगुती यंत्रांत वापरली जाणारी संकरित स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे असते. नेमा १७, नेमा २३ व नेमा ३४ ही नावे मोटरची ताकद सांगत नाहीत. ती केवळ पुढच्या चौकोनी तबकडीचे माप सांगतात: अनुक्रमे १.७, २.३ आणि ३.४ इंच. एकाच नेमा २३ मापात लांबीनुसार १ न्यूटन-मीटरपेक्षा कमी ते सुमारे ३ न्यूटन-मीटरपर्यंत धारण टॉर्कच्या मोटरी मिळतात. त्यामुळे 'नेमा २३ घेतली' एवढ्याने काहीच ठरत नाही.

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा हा धारण टॉर्क असतो, म्हणजे मोटर थांबलेली असताना आणि दोन्ही वेटोळ्यांत पूर्ण प्रवाह असताना ती किती जोर रोखून धरते तो. फिरू लागताच टॉर्क घटत जातो आणि ही घट सर्वस्वी विजेच्या दाबावर व वेटोळ्याच्या इंडक्टन्सवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, ४ अँपिअर व २.५ मिलिहेन्रीची मोटर मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल, तर ती सेकंदाला २,००० पूर्ण पावले टाकते आणि प्रत्येक पावलाला ०.५ मिलिसेकंद मिळतो. वेटोळ्यातील प्रवाह शून्यापासून ४ अँपिअरपर्यंत चढायला ढोबळमानाने इंडक्टन्स गुणिले प्रवाह भागिले दाब इतका वेळ लागतो. २४ व्होल्टवर तो ०.४२ मिलिसेकंद, तर ४८ व्होल्टवर ०.२१ मिलिसेकंद येतो. पहिल्या स्थितीत पावलाचा बहुतेक काळ प्रवाह चढण्यातच जातो. १२ व्होल्टवर तर तो पूर्ण चढतच नाही. फिरणारी मोटर स्वतःही उलट दाब निर्माण करते, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती या आकड्यांपेक्षा वाईटच असते.

मोटरच्या पट्टीवर ३ व्होल्ट लिहिलेले असताना तिला ४८ व्होल्ट कसे द्यायचे, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. पट्टीवरील आकडा म्हणजे फक्त प्रवाह व रोध यांचा गुणाकार असतो (४ अँपिअर × ०.७५ ओम). आधुनिक ड्रायव्हर दाब जोडून-तोडून प्रवाह ठरलेल्या मर्यादेत ठेवतो, म्हणून जास्त दाबाने मोटर जळत नाही, तर चपळ होते. हौशी वर्तुळांत यासाठी एक ढोबळ नियम रूढ आहे: इंडक्टन्सच्या (मिलिहेन्रीतील) वर्गमुळाला ३२ने गुणावे, येणारा आकडा हा दाबाची वरची मर्यादा मानावा. २.५ मिलिहेन्रीसाठी तो सुमारे ५० व्होल्ट येतो. त्यापुढे गेल्यास वेग फारसा वाढत नाही, लोखंडी गाभ्यातील उष्णता मात्र वाढते. म्हणून दोन मोटरींमधून निवड करताना धारण टॉर्कइतकेच महत्त्व इंडक्टन्सला द्यावे लागते. ८ मिलिहेन्रीची 'ताकदवान' मोटर ३६ व्होल्टवर वेगात २ मिलिहेन्रीच्या लहान मोटरपेक्षा दुबळी ठरू शकते.

आठ तारांच्या मोटरमध्ये वेटोळी समांतर जोडली तर इंडक्टन्स एकसर जोडणीच्या एक चतुर्थांश होतो. प्रवाह दुप्पट लागतो, पण वेगातला टॉर्क टिकतो. चार तारांच्या मोटरची जोडी ओळखण्याची जुनी युक्ती सोपी आहे. कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवून दांडा हाताने फिरवावा. तो अडखळत, जड फिरला तर त्या एकाच वेटोळ्याच्या तारा असतात.

स्टेपर थांबलेली असतानाही पूर्ण प्रवाह घेते, त्यामुळे तिचे अंग हात लावता येणार नाही इतके तापणे हा दोष नव्हे. अनेक मोटरी १३० अंश सेल्सिअसच्या ब वर्गाच्या विद्युतरोधकाने बनलेल्या असतात आणि ८० अंशांचे बाह्य तापमान त्यांना चालते. ड्रायव्हरमध्ये विश्रांतीच्या वेळी प्रवाह निम्मा करण्याची सोय असते, ती वापरावी. मोटर ज्या प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीवर बसवली आहे, तिला ही उष्णता सोसेल का, हे मात्र पाहावे लागते.

टॉर्कचे गणित: एक उदाहरण

समजा, ६०० × ४०० मिमी कार्यक्षेत्राचे राउटर आहे. त्याच्या गँट्रीचे वस्तुमान १५ किग्रॅ, स्क्रू १६ मिमी व्यासाचा, ७०० मिमी लांब आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा बॉल स्क्रू आहे. अपेक्षित त्वरण सेकंदाला प्रति सेकंद ५०० मिमी आणि सर्वाधिक वेग मिनिटाला ३,००० मिमी, म्हणजे मोटरचे ६०० फेरे. कापण्याचे बल १०० न्यूटन व घर्षण २० न्यूटन गृहीत धरू.

गँट्रीला त्वरण देण्यासाठी १५ × ०.५ = ७.५ न्यूटन लागतात. एकूण बल १२७.५ न्यूटन. त्याला ०.००५ मीटरने गुणून २ × पाय × कार्यक्षमता (०.९) याने भागले की ०.११ न्यूटन-मीटर येतात. पण हिशेब येथे संपत नाही, कारण स्क्रू आणि मोटरचा रोटर हेही फिरवायचे असतात. या स्क्रूचे वस्तुमान सुमारे १.१ किग्रॅ आणि त्याचे फिरते जडत्व सुमारे ३५० ग्रॅम-वर्गसेंमी आहे. ७६ मिमी लांबीच्या नेमा २३ मोटरच्या रोटरचे ४८० धरले, तर बेरीज ८३० होते. ५ मिमीच्या स्क्रूवर वरील त्वरण म्हणजे सेकंदाला प्रति सेकंद ६२८ रेडियन, म्हणून आणखी ०.०५ न्यूटन-मीटर लागतात. एकूण गरज ०.१६ ते ०.१७ आणि दुप्पट सुरक्षागुणक धरता सुमारे ०.३३ न्यूटन-मीटर, तेही ६०० फेऱ्यांना.

या गणितातून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. १५ किलोच्या गँट्रीचे जडत्व मोटरच्या दांड्याला केवळ ९५ ग्रॅम-वर्गसेंमी इतके जाणवते, स्क्रू व रोटर यांच्या मिळून जडत्वाच्या जेमतेम नवव्या भागाइतके. गँट्री हलकी करण्यासाठी केलेल्या खटाटोपाचा अशा यंत्रात वेगाला जवळजवळ उपयोग होत नाही, उलट चौकटीचा ताठपणा गमावला जातो. तसेच 'शंका नको' म्हणून नेमा ३४ बसवली, तर तिचा जड रोटर व जास्त इंडक्टन्स यांमुळे यंत्र मंदावू शकते. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात स्थिती उलटी असते. २० दात्यांच्या जीटी२ पुलीवर एका फेऱ्यात ४० मिमी सरक होते. त्यामुळे तेथे हलणाऱ्या भागाचे वजन मोटरला ६४ पट अधिक जाणवते आणि ग्रॅमन्‌ग्रॅम वाचवण्यात अर्थ असतो.

वरील राउटरसाठी १.९ न्यूटन-मीटर धारण टॉर्कची, २ ते ३ मिलिहेन्रीची नेमा २३ मोटर ३६ व्होल्टवर पुरेशी ठरते. निर्मात्याचा टॉर्क-वेग आलेख मिळत असेल तर ६०० फेऱ्यांवरचा आकडा त्यातूनच वाचावा. तो आलेख कोणत्या दाबावर काढला आहे, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

उभ्या अक्षाचा विचार वेगळा करावा लागतो. साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू बहुधा स्वतःच अडून राहतो, बॉल स्क्रू मात्र ओझ्याखाली उलटा फिरतो. ७ किग्रॅच्या स्पिंडलचे वजन ५ मिमीच्या स्क्रूवर सुमारे ०.०५ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण करते आणि वीज नसलेल्या नेमा २३ मोटरचा नैसर्गिक अडकाव साधारण तेवढाच असतो. वीज गेली की असे स्पिंडल कधी थांबते, कधी हळूहळू उतरते आणि खाली फिरते हत्यार व जॉब असतो. यावर ब्रेक असलेली मोटर, प्रतिभार किंवा वायूची स्प्रिंग हे उपाय आहेत.

सूक्ष्मपावले

ड्रायव्हर दोन वेटोळ्यांतील प्रवाहाचे प्रमाण बदलून एका पावलाचे ८, १६ वा ३२ भाग करतो. यामुळे कमी वेगातील थरथर व आवाज लक्षणीय कमी होतो, हा त्याचा खरा लाभ आहे. अचूकता त्या प्रमाणात वाढते ही समजूत मात्र चुकीची आहे. एका सूक्ष्मपावलाने वाढणारा टॉर्क धारण टॉर्कच्या तुलनेत अल्प असतो: आठव्या भागाला सुमारे १९.५ टक्के आणि सोळाव्या भागाला ९.८ टक्के. घर्षण त्यापेक्षा जास्त असेल तर दोन-तीन सूक्ष्मपावले पडेपर्यंत दांडा हलतच नाही. ५ मिमीच्या स्क्रूवर आठ भाग केल्यास प्रति मिमी ३२० स्पंद होतात, म्हणजे एका स्पंदाला ३ मायक्रॉनच्या आसपास. घरगुती चौकट कापताना याच्या कित्येक पट वाकते, त्यामुळे त्याहून बारीक विभागणीचा उपयोग आवाज कमी करण्यापुरता उरतो. तिची किंमत मात्र नियंत्रक मोजतो, कारण प्रत्येक दुप्पट विभागणीला त्याला दुप्पट स्पंद द्यावे लागतात.

ड्रायव्हर

त्रिमितीय मुद्रकातील ए४९८८ (३५ व्होल्टपर्यंत) किंवा टीएमसी२२०९ (२९ व्होल्टपर्यंत) या नखाएवढ्या ड्रायव्हरचा वापर नेमा १७ मोटरी असलेल्या लेझर किंवा पेन-आरेखकापुरता ठीक असतो. ए४९८८ची कागदावरची क्षमता २ अँपिअर असली, तरी उष्णताशोषक व पंखा नसताना तो सुमारे १ अँपिअरलाच दमतो. नेमा २३साठी वेगळ्या धातूच्या पेटीतील ड्रायव्हर घ्यावे लागतात. त्यांपैकी टीबी६६०० हा सर्वांत स्वस्त. या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेट्यांत प्रत्यक्षात दुसरीच, कमी क्षमतेची चिप असते, त्यामुळे पेटीवरील आकड्यांवर विसंबून तिला तिच्या मर्यादेजवळ चालवू नये. डीएम५४२ हा अंकीय ड्रायव्हर २० ते ५० व्होल्ट व ४.२ अँपिअर शिखरप्रवाहापर्यंत चालतो आणि मधल्या वेगांतील अनुस्पंदन बऱ्याच अंशी दाबतो. स्टेपर मोटर काही विशिष्ट वेगांना स्वतःच्याच धक्क्यांनी थरथरते व अचानक टॉर्क गमावून थांबते, त्यालाच अनुस्पंदन म्हणतात. दोन्हींच्या किमतींतला फरक हा संपूर्ण यंत्राच्या खर्चात वाचवण्याजोगा नाही, असे बहुतेक अनुभवी जुळवणारे सांगतात.

ड्रायव्हरच्या बाजूला छापलेल्या तक्त्यात शिखरप्रवाह व परिणामी प्रवाह असे दोन रकाने असतात (४.२ शिखर म्हणजे ३.० परिणामी). मोटरच्या पट्टीवरील आकड्याशी तुलना करताना हे लक्षात घ्यावे लागते.

संदेशाच्या तारांबाबत दोन गोष्टी वारंवार अडचणी आणतात. डीएम५४२सारख्या ड्रायव्हरचे आगमन ५ व्होल्टसाठी असते. २४ व्होल्टचा औद्योगिक नियंत्रक जोडायचा तर प्रत्येक तारेत २ किलो-ओमचा रोध लागतो, अन्यथा आतील ऑप्टोकपलर जळतो. याउलट ईएसपी३२सारख्या सूक्ष्मनियंत्रकाचे निर्गमन ३.३ व्होल्टचे असते. त्याने ऑप्टोकपलर कधी चालतो, कधी नाही, आणि 'कधी कधी पाऊल चुकते' अशी न सापडणारी तक्रार सुरू होते. मध्ये ५ व्होल्टचा बफर असलेला फलक वापरल्यास हा प्रश्न मिटतो. दिशेचा संदेश स्पंदाच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी पोहोचला पाहिजे, ही अटही पाळावी लागते. ती मोडली तर दर वेळी दिशा बदलताना एक पाऊल चुकते आणि जॉब एकाच बाजूला सरकत जातो. चूक यांत्रिक आहे असे वाटून लोक स्क्रू बदलतात ती हीच.

ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटरची तार काढू वा जोडू नये. तुटणाऱ्या प्रवाहाने निर्माण होणारा उच्च दाब ड्रायव्हर तत्काळ निकामी करतो. सैल बसलेला स्क्रू-टर्मिनलही हेच करू शकतो.

वीजपुरवठा

पुरवठ्याची क्षमता ठरवताना सर्व मोटरींच्या प्रवाहांची बेरीज करून तिचा दोन तृतीयांश धरतात. प्रत्यक्ष वापर याहूनही कमी असतो, कारण ड्रायव्हर जास्त दाब व कमी प्रवाह घेऊन मोटरला कमी दाब व जास्त प्रवाह देतो. तीन-चार नेमा २३ मोटरींना ३६ व्होल्ट, ३५० वॉटचा स्विचिंग पुरवठा पुरतो. दाब ड्रायव्हरच्या मर्यादेला टेकवून ठेवू नये. वेगातला अक्ष अचानक थांबतो तेव्हा मोटर जनित्राप्रमाणे वागून वीज उलट पाठवते आणि दाब काही क्षण वर उसळतो. ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला ४८ व्होल्ट देणे म्हणूनच जोखमीचे असते.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज व मोठा कपॅसिटर यांचा साधा पुरवठा ही उलट आलेली ऊर्जा सहज पचवतो, म्हणून जुन्या हौशी मंडळींचा त्याच्यावर लोभ आहे. पण तो नियमित नसतो. ३२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ४४ व्होल्ट मिळतात, २३० व्होल्टचा घरगुती दाब दहा टक्क्यांनी चढला की तेच ४८च्या पुढे जातात आणि भार नसताना आणखी वर. ग्रामीण भागातील रात्रीचा चढा दाब लक्षात घेता ५० व्होल्टच्या ड्रायव्हरसाठी २८ व्होल्टचा, म्हणजे सुमारे ३८ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घेणे श्रेयस्कर. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्यातील तापकीर गल्ली येथे हे सामान मिळते.

सर्वो व बंद-पाश स्टेपर

साध्या स्टेपरला आपण कोठे आहोत हे कळत नाही. हत्यार अडले व पावले गळाली तरी नियंत्रक पुढील आज्ञा देतच राहतो आणि तीन तासांचा जॉब शेवटच्या दहा मिनिटांत वाया जातो. बंद-पाश स्टेपरच्या मागे एन्कोडर असतो. ड्रायव्हर चूक भरून काढण्याचा प्रयत्न करतो आणि न जमल्यास इशारा-संदेश देतो. ही इशाऱ्याची तार नियंत्रकाला जोडणे अत्यावश्यक आहे. ती न जोडल्यास एक अक्ष थांबतो आणि उरलेले दोन चालत राहतात, जे साध्या स्टेपरपेक्षाही वाईट होय. बंद-पाश असूनही मोटरचा वेगातील टॉर्क स्टेपरचाच असतो, फक्त तो कुरकुर न करता शेवटपर्यंत वापरता येतो.

एसी सर्वोचे वेगळेपण येथेच आहे. ४०० वॉटची सर्वो मोटर १.२७ न्यूटन-मीटर इतका टॉर्क मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत अखंड देते आणि क्षणभर त्याच्या सुमारे तिप्पट. धारण टॉर्कच्या आकड्यांत ती २ न्यूटन-मीटरच्या स्टेपरहून लहान दिसते, परंतु १,५०० फेऱ्यांवर दोहोंची तुलनाच होत नाही. ५ मिमीच्या स्क्रूवर ३,००० फेरे म्हणजे मिनिटाला १५ मीटर. इतका वेग लांब स्क्रूला, रुळांना व चौकटीला सोसणार नसेल तर सर्वोचा खर्च वाया जातो. वरील उदाहरणातील राउटरला तिची गरज नाही. रोज आठ तास फर्निचरचे फळे कापणाऱ्या लहान व्यवसायाला मात्र तो खर्च परवडतो.

नियंत्रक

नियंत्रकाची पहिली कसोटी स्पंदांचा वेग ही आहे. वरील राउटरला मिनिटाला ३,००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी वेगासाठी ५० × ३२० = १६,००० स्पंद लागतात. आर्डुइनो उनोवरील जीआरबीएल सुमारे ३०,००० स्पंद देते, त्यामुळे ती येथे पुरते. बत्तीस भागांची विभागणी निवडली तर हीच गरज ६४,००० होते आणि उनो मागे पडते. १०,००० स्पंदांना एक फेरा अशी मांडणी असलेली सर्वो ३,००० फेऱ्यांना सेकंदाला ५ लाख स्पंद मागते. तेथे ड्रायव्हरमधील इलेक्ट्रॉनिक गिअरचे प्रमाण बदलावे लागते किंवा स्पंद स्वतंत्र चिपवर निर्माण करणारा नियंत्रक घ्यावा लागतो.

जीआरबीएलची ताकद तिच्या साधेपणात आहे. प्रति मिमी स्पंद, सर्वाधिक वेग, त्वरण असे मोजके आकडे भरले की यंत्र चालते आणि स्पंद सूक्ष्मनियंत्रकात निर्माण होत असल्याने संगणक जुना असला तरी चालतो. तिच्या मूळ आवृत्तीत तीनच अक्ष आहेत. गँट्रीच्या दोन बाजूंना दोन मोटरी असतील आणि प्रत्येक बाजू स्वतंत्र स्विचला नेऊन गँट्री काटकोनात आणायची असेल, तर ग्रबलहाल किंवा ईएसपी३२वर चालणारी फ्लुइडएनसी अधिक योग्य ठरते. लेथवर स्पिंडलच्या फेऱ्यांशी जुळवून आटे पाडायचे असल्यास लिनक्ससीएनसीचे पारडे जड आहे. ती एन्कोडर वाचते, पाचवा-सहावा अक्ष हाताळते आणि मेसासारख्या कंपन्यांच्या कार्डांद्वारे जलद स्पंद देते. तिच्यासाठी संगणक मात्र निवडून घ्यावा लागतो, कारण काही संगणक वास्तविक काळातील आज्ञा पाळताना अधूनमधून अडखळतात. हा विलंब मोजण्याची चाचणी प्रणालीसोबतच येते, ती कार्डावर पैसे खर्च करण्यापूर्वी करावी. माक३ समांतर पोर्टसह ६४-बिट विंडोजवर चालत नाही. आज तिचा वापर करणारे यूएसबी किंवा इथरनेटचा बाह्य नियंत्रक जोडतात. या बाह्य नियंत्रकांची गुणवत्ता फारच कमी-अधिक असते.

विद्युत-गोंगाट व सुरक्षा

२.२ किलोवॉटचे, ४०० हर्ट्झवर मिनिटाला २४,००० फेरे फिरणारे स्पिंडल बसवले की नीट चालणारे यंत्र अचानक खोटे 'मर्यादा-स्विच दाबला गेला' असे इशारे देऊ लागते. याला स्पिंडलच्या व्हीएफडीचा विद्युत-गोंगाट कारणीभूत असतो. स्पिंडलची तार कवचयुक्त घेऊन, व्हीएफडीकडच्या टोकाला कवच अर्थ करून ती संदेशतारांपासून दूर न्यावी. मर्यादा-स्विचसाठी नियंत्रकाच्या आतील क्षीण रोधावर न विसंबता ऑप्टोकपलर व २४ व्होल्टचे मंडल वापरावे. हे स्विच नेहमी बंद-संपर्क पद्धतीने जोडावेत. तसे केल्यास तार तुटली तरी यंत्र थांबते. उघड्या-संपर्काच्या जोडणीत तुटलेली तार अक्ष चौकटीवर आदळेपर्यंत लक्षात येत नाही.

आणीबाणीचे लाल बटन केवळ नियंत्रकाच्या एका पिनला जोडणे पुरेसे नाही, कारण ज्या क्षणी त्याची गरज भासते त्या क्षणी नियंत्रकच भरकटलेला असू शकतो. बटनाने काँटॅक्टरमार्फत ड्रायव्हरांचा पुरवठा व स्पिंडल दोन्ही बंद व्हावेत आणि बटन पुन्हा वर ओढल्याने यंत्र आपोआप सुरू होऊ नये. त्यासाठी वेगळे सुरू-बटन असावे. नियंत्रकाची वीज मात्र चालू ठेवतात, म्हणजे थांबण्याचे कारण पाहता येते. स्विचिंग पुरवठा बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमधील ऊर्जेने मोटर क्षणभर चालते, म्हणून काँटॅक्टर शक्यतो त्यानंतरच्या एकदिश बाजूला, तेवढ्या दाबाचा एकदिश प्रवाह तोडण्यास योग्य असा निवडून बसवावा. व्हीएफडीच्या आत वीज बंद केल्यानंतरही काही मिनिटे प्राणघातक दाब शिल्लक असतो. निर्देशक दिवा विझून निर्मात्याने सांगितलेला वेळ उलटल्याखेरीज झाकण उघडू नये. चौकट, स्पिंडल व पॅनेल या तिन्हींना खरे अर्थिंग असणे अनिवार्य आहे. दोन पिनांच्या प्लगवर चालणारे यंत्र पाणी-शीतित स्पिंडलसह वापरणे जिवावर बेतू शकते. लाकडाचा भुसा पॅनेलच्या पंख्यातून आत ओढला जातो, तर ॲल्युमिनियमचा कीस ड्रायव्हरमध्ये पडल्यास मंडल लघुपरिपथित होते. पॅनेल बंद असावे व पंख्याला गाळणी असावी.

जुळणीनंतरची चाचणी

निवड बरोबर ठरली का, हे पुढील चाचणीने कळते. अक्षाला डायल गेज लावून शून्य करावे, नंतर कमी त्वरणावर अक्ष १०० मिमी पुढे-मागे पन्नास वेळा पूर्ण वेगाने पळवावा व गेज पुन्हा शून्यावर येते का ते पाहावे. त्वरण व वेग टप्प्याटप्प्याने वाढवत, पावले गळू लागतील त्या मर्यादेपर्यंत जावे आणि प्रत्यक्ष वापरासाठी त्या आकड्यांच्या साठ-सत्तर टक्के ठेवावे. ही चाचणी थंड यंत्रावर करून भागत नाही, मोटरी व ड्रायव्हर तासभर तापल्यानंतर, स्पिंडल चालू ठेवून ती पुन्हा घ्यावी. गेजची चूक प्रत्येक फेरीला एकाच दिशेने सारखी वाढत असेल तर दिशा-संदेशाची वेळ किंवा सैल कपलिंग तपासावे. ती अचानक एकदाच उडी मारत असेल तर टॉर्क अपुरा आहे किंवा अनुस्पंदनाचा वेग लागला आहे. आणि स्पिंडल बंद केल्यावर चूक नाहीशी होत असेल तर तारांची मांडणी पुन्हा करावी लागते.